साळवे हवालदारांच्या कानातला आवाज

माझ्याकडे येणारा माजी सैनिक खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकतो, "मॅडम, मला काही नाही. बायकोनं पाठवलंय." मग बायको आत येते आणि खरी तक्रार सांगते. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी भिंतीवर थापा मारतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. चारचौघांत बसले की नुसते हसतात, कारण कोण काय बोललं ते कळलेलंच नसतं. हे सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता, तो गृहस्थ खाली बघत हळूच म्हणतो, "आणि कानात जरा आवाज येतो."

त्या 'जरा'वर माझी निम्मी कारकीर्द गेली.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची तपासणी करणारी. डॉक्टर नाही. ऑपरेशन करत नाही, औषध देत नाही. आधी एका धर्मादाय रुग्णालयात होते, नंतर क्रांती चौकाजवळ दोन खोल्या घेतल्या. त्यातली एक खोली आवाज आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी मढवलेली. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. बारीकसा जरी आवाज आला तरी दाबा, असं सांगायचं. त्यावरून आलेख निघतो आणि कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं ते कळतं. वाळूजच्या कारखान्यांतली माणसं, लग्नात डीजे वाजवणारी पोरं, म्हातारी मंडळी, सगळे तिथं बसून गेले. शहरात छावणी असल्यामुळे आणि आसपासच्या गावांतून फौजेत जाणारे बरेच असल्यामुळे माजी सैनिकही पुष्कळ.

ऐकू कमी येतं हे माझं यंत्र दाखवू शकतं. कानात आवाज येतो, ज्याला टिनिटस म्हणतात, तो मात्र कुठलंच यंत्र दाखवू शकत नाही. तो बाहेर नसतोच. आतल्या नाजूक पेशी मोठ्या आवाजानं मेल्या की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच्या आवाजानं भरतो, असं मी पेशंटला सोपं करून सांगते. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला लांबून येणारी कुकरची शिट्टी. वेरूळकडचे एक निवृत्त नाईक घराजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर राग धरून होते. त्याची घरघर झोपू देत नाही म्हणून वीज कार्यालयात सारखे खेटे घालायचे. एकदा सगळ्या गावाची लाइट गेली, ट्रान्सफॉर्मर थंड पडला, आणि घरघर चालूच राहिली. तेव्हा माझ्याकडे आले. हसत हसत सांगत होते, पण डोळे घाबरलेले होते. मी म्हटलं, तोफखान्यात होतात तुम्ही, अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी अर्ज करा. म्हणाले, "नको मॅडम. गावात कळलं तर म्हणतील, नाईकाच्या डोक्यात कायतरी वाजतंय." ते परत आले नाहीत. अशी परत न आलेली माणसं मला अजून आठवतात.

पण आज सांगायचंय ते परत आलेल्या माणसाबद्दल.

उत्तम साळवे करमाडचे. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खुर्चीत बसले तरी पाठ टेकायची नाही. बरोबर बायको शोभाताई. ठेंगण्या, बोलक्या, आणि अंगाला पिठाचा वास, कारण करमाडमध्ये त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा सीमेवर असताना बचत गटातून कर्ज काढून त्यांनी ती एकटीनं सुरू केली होती.

"म्याडम, हे लई कमी झोपतात," शोभाताई म्हणाल्या. "अन् दिवसभर माझ्या गिरणीत येऊन बसतात. काम नाय, धाम नाय. म्हटलं जरा पारावर जा, माणसात बसा, तर नाय. गिरणीच पायजे. मला वाटलं, ध्यान ठेवतात की काय माझ्यावर."



मी त्यांना आत बसवलं. आलेख आला तो मी शेकडो वेळा पाहिलेला. जाड आवाज ठीक ऐकू येतात आणि बारीक पट्टीत एका ठिकाणी रेघ धाडकन खाली जाते. स्फोटाच्या, गोळीबाराच्या आवाजानं कान गेला की बहुतेकदा असंच होतं. मग मी विचारलं, "कानात आवाज येतो?"

"जरा," ते म्हणाले.

अशा वेळी मी आणखी एक तपासणी करते. हेडफोनमधून एकेक आवाज ऐकवायचा आणि पेशंटनं सांगायचं, माझा यापेक्षा बारीक, यापेक्षा मोठा. जुळवत जुळवत त्याच्या आतल्या आवाजाच्या जवळ पोचता येतं. साळवे नुसती मान हलवत होते. नाही. नाही. अजून वर. मी बटण फिरवत गेले आणि एकदम ते खुर्चीतून उठलेच. हेडफोनची तार ताणली गेली.

"हाच! मॅडम, हाच हाय! तुम्हाला कसा कळला?"

मी काचेतून बघत होते. त्यांनी हेडफोन काढून हातात धरले होते, आणि त्या कणखर माणसाचे डोळे भरून आले होते. मग ते म्हणाले, "हिला ऐकवता येईल का?"

शोभाताईंनी डोक्यावरचा पदर मागे करून हेडफोन लावले. कडक, सरळ, सुईसारखा आवाज होता तो. थोडा वेळ ऐकून त्यांनी हेडफोन ओढून काढले.

"हे सारखं वाजतं?"

"सारखं."

"आत्ता बी?"

"आत्ता बी."

"कधीपासून ओ?"

"आपली मोठी जन्मली तेव्हा होतंच."

शोभाताईंनी बोटांवर वर्षं मोजली. त्यांची मोठी मुलगी आता लग्न होऊन सासरी नांदत होती. मग म्हणाल्या, "अन् मी म्हणायची, हा माणूस माझं ऐकतच नाय."

गिरणीत का बसायचे तेही त्या दिवशी कळलं. गिरणीच्या घरघरीत आतला आवाज बुडून जायचा. जिथं बाकीचे लोक कानावर हात ठेवतात, तिथं या माणसाला शांत वाटायचं.

मी विचारलं, नोकरीत असताना कधी सांगितलं नाहीत? तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे बोलले. सरावात तोफा डागताना कानात कापूस घालायचे, कधी तोही नसायचा. फायरिंग झालं की सगळ्यांचेच कान वाजायचे, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचे थांबायचे, यांचे हळूहळू थांबेनासे झाले. "पण सांगायचं कसं? कान खराब म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते. कॅटेगरी गेली की प्रमोशन गेलं. बाहेर काढतील ही बी भीती." दरवर्षीच्या तपासणीत पाठ करून उभं करत आणि डॉक्टर मागून शब्द कुजबुजत, तो आपण परत म्हणायचा. पुढं जाऊन आलेला जवान परत येताना शब्द सांगून जायचा. "मला शब्द पाठ असायचे. ऐकू यायची गरजच नव्हती."

निवृत्त होतानाही त्यांनी "सब ठीक" म्हणूनच सही केली. घरी जायची घाई होती.

अपंगत्वाच्या दाव्यासाठी मी त्यांना घुगे सुभेदारांकडे पाठवलं. घुगे स्वतः निवृत्त. छावणीत एका खोलीत बसून माजी सैनिकांचे अर्ज, अपिलं फुकट लिहून देतात. मला त्यांनी एकदा नियम समजावला होता, तो असा. भरती करताना फौज माणूस ठोकून-वाजवून घेते. तेव्हा कान चांगले होते आणि नंतर बिघडले, तर ते नोकरीमुळे बिघडले का, एवढाच प्रश्न. नोकरीमुळे म्हटलं तर दावा मंजूर. नाही म्हटलं तर अपील, त्यावरही दुसरं अपील. "आणि मॅडम," घुगे म्हणायचे, "पाय गेलेला दाखवता येतो. हा आवाज दाखवायचा कुणाला?"

साळव्यांचा दावा फेटाळला गेला. कारणं दोन. नोकरीत असताना कानाची एकही तक्रार नोंदलेली नाही. आणि अर्जदाराचा सध्याचा व्यवसाय पिठाची गिरणी, त्या आवाजामुळे हा त्रास होऊ शकतो. व्यवसाय काय, असं विचारल्यावर साळव्यांनीच अभिमानानं गिरणी सांगितली होती.

शोभाताई माझ्याकडे एकट्या आल्या. "म्याडम, माझ्या गिरणीनं ह्यांचा कान खाल्ला म्हणतात. खरं सांगा, खाल्ला का?"

त्यांना झोप लागत नव्हती हे दिसत होतं. दावा गेल्याचं दुःख नव्हतं ते. ज्या गिरणीवर त्यांनी पोरं वाढवली, तिनंच नवऱ्याचं वाटोळं केलं असं कुणीतरी शिक्का मारून सांगितलं होतं. मी म्हटलं, गिरणी मोठीच्या जन्मानंतरची, आणि कान त्याआधीपासून वाजतोय, त्यांनीच सांगितलंय ना? तर म्हणाल्या, "ते माझं मन राखायला बी सांगतील."

घुग्यांनी अपील लिहिलं. काही महिन्यांनी साळव्यांना परगावच्या मोठ्या लष्करी इस्पितळात मेडिकल बोर्डापुढं बोलावणं आलं. माझा सगळा तपासणी अहवाल सोबत दिला. मला वाटलं, झालं काम. निकाल आला: अर्जदारास विशेष त्रास नाही, अपील नामंजूर.

घुगे संतापून माझ्या खोलीत आले, मागोमाग साळवे नवरा-बायको. घुग्यांनी सरळ विचारलं, "साळवे, बोर्डासमोर काय बोललात तुम्ही?"

साळवे उभेच होते. "त्यांनी विचारलं, हवालदार, कैसे हो?"

"मग?"

"मी म्हणलं, ठीक हूँ सर."

"आणि कानाचं?"

"विचारलं की, कान में तकलीफ है? मी म्हणलं, थोडा-बहुत, चलता है सर."

घुग्यांनी डोक्याला हात लावला. शोभाताई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. साळवे हात मागे बांधून भिंतीकडे बघत म्हणाले, "समोर वर्दी आली की तोंडातून तेच निघतं सुभेदारसाहेब. मी काय करू? त्यांना मला रडताना बघायचं नव्हतं, अन् मला बी रडायचं नव्हतं."

 मला त्यांचा राग आला नाही. उभं आयुष्य ज्या शब्दावर काढलं तो एका दिवसात कसा सुटेल? पण दुसरं अपील हे शेवटचंच ठरण्यासारखं होतं. साळवे म्हणाले, "सोडून द्या मॅडम. वाजू द्या. सवय झाली."

शोभाताईंनी डोळे पुसले. "सोडणार नाय," त्या म्हणाल्या. "माझी गिरणी काय गुन्हेगार हाय?"

मी करमाडला जायचं ठरवलं. कामावरचा आवाज मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं. जालना रोडवर उतरून आत गेले तर गिरणीपुढं डबे घेऊन बाया उभ्या होत्या. शोभाताई पायरीवर चढून वरच्या पेटीत ज्वारी ओतत होत्या, जात्याचं चाक फिरवत होत्या, पिठाखाली पिशवी धरत होत्या, आणि साळवे दारालगतच्या बाकड्यावर बसले होते. माझ्या यंत्रावर आवाज कमी भरला नाही. मी तो लिहून घेतला आणि जरा खट्टू झाले. आवाज एवढा असेल तर बोर्डाचं म्हणणं अगदीच टाकाऊ म्हणता येत नव्हतं.

मग माझं लक्ष शोभाताईंकडे गेलं. त्या घरघरीत एक म्हातारी कोपऱ्यातून काहीतरी पुटपुटली आणि शोभाताई पाठमोऱ्या असताना ओरडल्या, "व्हय मावशी, जाडं दळते, भाकरीचं नाय!"

मी गिरणी थांबायची वाट बघितली आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही उद्या शहरात या. तुमचे कान तपासायचेत."

घुग्यांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, गिरणी ती चालवते. तिचे कान साफ निघाले तर उत्तम. पण खराब निघाले तर?"

"तर तसा अहवाल द्यावा लागेल."

"आणि दावा?"

"दावा गेला."

मी पुष्कळ लोकांचे कान तपासलेत, पण त्या दिवशी सुरू करण्याआधी मी यंत्राच्या तारा दोनदा तपासल्या. शोभाताई काचेपलीकडे डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर बाकावर साळवे. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांची काळजी वेगळीच होती. "मॅडम, दाव्याचं मरू द्या. हिच्या कानात तसलं काय वाजत नसलं म्हणजे झालं."

मी जाड आवाजांपासून सुरुवात केली. बटण दाबलं गेलं. वर गेले. दाबलं गेलं. जिथं साळव्यांची रेघ कोसळली होती त्या पट्टीपाशी आले आणि आवाज अगदी बारीक ठेवला. दाबलं गेलं. मला खरं वाटेना, मी परत दिला. परत दाबलं गेलं. दोन्ही कान, सगळ्या पट्ट्या, वयाच्या मानानं उत्तम. साळव्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ, गिरणीच्या अगदी तोंडाशी उभं राहणाऱ्या बाईचे कान नीट होते.

मी दार उघडून सांगितलं. साळवे उठले, बायकोजवळ गेले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यादेखत. शोभाताई लाजून म्हणाल्या, "अहो, म्याडम बघतात."

एकाचे कान दुसऱ्यासारखे नसतात हे मला माहीत आहे आणि अहवालात ते मी लिहिलंही. पण गिरणीनं हा कान गेला असता तर गिरणीवालीच्या कानावर काहीतरी खूण दिसली असती, हेही लिहिलं. साळव्यांच्या आलेखातली पडलेली रेघ तोफेच्या आवाजाशी कशी जुळते, ते समजावलं. घुग्यांनी साळव्यांच्या तोफेवरचा एक जुना साथीदार गाठला, कोल्हापूरकडचा. त्यानं शपथेवर लिहून दिलं की उत्तम बराकीत कानाशी ट्रान्झिस्टर लावल्याशिवाय झोपायचा नाही, आणि त्याला हुकूम कळावा म्हणून आम्ही खांद्यावर थाप मारायचो. हे लिहून झाल्यावर तो फोनवर घुग्यांना म्हणाला, "माझा बी कान वाजतोय की साहेब. मला वाटायचं, सगळ्यांचाच वाजतो."

दुसऱ्या अपिलात नव्यानं बोर्ड मागितला आणि तो मिळाला.

राहिला प्रश्न साळव्यांच्या तोंडाचा. ती जबाबदारी शोभाताईंनी घेतली. गिरणीत गिऱ्हाईक नसलं की त्या साहेब व्हायच्या. "हवालदार, कैसे हो?" असं दरडावून विचारायच्या. साळवे म्हणायचे, "ठीक हूँ." "पुन्हा!" शोभाताई म्हणायच्या. दळण न्यायला आलेल्या बायांनाही तो खेळ माहीत झाला होता आणि त्याही जाता जाता विचारायच्या, "हवालदार, कैसे हो?"

बोर्डाहून परतल्यावर साळवे स्वतः मला सांगायला आले. डॉक्टर एक तरुण मेजरबाई होत्या. त्यांनी विचारलं तेच. "माझ्या तोंडातून निघालंच, ठीक हूँ म्याडम," साळवे म्हणाले. "मग थांबलो. म्हणलं, नहीं म्याडम. ठीक नहीं हूँ. झूठ बोला." त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बैठिए, आराम से बताइए. "मग बोलत गेलो. कोण काय बोलतं कळेना म्हणून पोरीच्या लग्नात परक्यासारखा मांडवाबाहेर फिरलो ते सांगितलं. नातू कानात काय सांगतो ते कळत नाय, ते सांगितलं. रात्र झाली की भ्या वाटतं, ते बी सांगितलं. हिला नव्हतं सांगितलं ते सगळं तिथं सांगितलं."

"आणि त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय नाय. ऐकत होत्या."

निकाल लागायला वेळ लागला. घुग्यांचा निरोप आला तेव्हा आम्ही तिघंही त्यांच्या छावणीतल्या खोलीत जमलो. निकाल इंग्रजीत होता. घुग्यांनी चष्मा लावून वाचला. साळवे उभे राहून ऐकत होते, समजत नसताना.

"म्हणजे?" शोभाताई म्हणाल्या.

"म्हणजे कान फौजेच्या नोकरीत गेला, गिरणीत नाही. मंजूर."

शोभाताईंनी "जय भीम!" म्हणून टाळी वाजवली आणि दुसऱ्या क्षणाला घुग्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. साळवे खाली बसले. त्या खोलीत, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. मग हळूच म्हणाले, "तर ते खरं होतं." मंजुरीबद्दल दुसरा शब्द नाही. घुगे चहा सांगायला बाहेर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. नंतर बघितलं तर दाराबाहेर उभे राहून नाक पुसत होते.

साळव्यांच्या कानातला आवाज थांबलेला नाही, हे मी लपवणार नाही. तो थांबवायचं औषध माझ्याकडे नाही आणि कुणाकडे असल्याचं मला माहीत नाही. श्रवणयंत्र बसवलं, झोपताना उशाशी हलका पाण्यासारखा आवाज करणारं एक छोटं यंत्र दिलं, त्यानं थोडा उतार पडला. एवढंच मला जमतं.

निकालाच्या दिवशी चहा झाल्यावर मी साळवे नवरा-बायकोला एसटीत बसवून दिलं आणि घरी आले. संध्याकाळ व्हायच्या आत शोभाताईंचा फोन. मागं गाडीची घरघर.

"म्याडम, आम्ही बदनापूरला आलोत."

"बदनापूरला? करमाड तर कितीतरी मागं राहिलं! काय झालं?"

"काय नाय," त्या अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या. "हे बसल्याबसल्या झोपले. माझ्या खांद्यावर. करमाड आलं, कंडक्टर म्हणला, उठवा की बाई. मी म्हणलं, राहू द्या दादा, पुढचं तिकीट द्या."

"मग आता?"

"आता काय, जालन्याला जातो. तिथून दुसरी गाडी मिळंल." आणि फोन ठेवता ठेवता कुजबुजल्या, "अजून झोपलेतच, म्याडम."